बुजऱ्या कुत्र्याचे घर

जनावराच्या भीतीसाठी मराठीत किती शब्द आहेत हे मोजू लागले, तर एका हाताची बोटे सहज भरतात. दचकणे म्हणजे आवाजासरशी अंग उडणे आणि लगेच सावरणे. बिचकणे म्हणजे पुढे टाकलेले पाऊल मागे घेणे. बावरणे म्हणजे कुठे जावे हेच न सुचणे. भेदरणे म्हणजे भीतीने जागच्या जागी गोठणे. बुजणे मात्र या सर्वांहून वेगळे. जे भयाचे वाटले त्याची खूणगाठ मनाशी बांधून पुढेही त्याच्यापासून अंतर राखून राहणे म्हणजे बुजणे. बैल बुजतो, घोडा बुजतो, आणि पाखरांनी बुजावे म्हणून शेतात उभे करतात ते बुजगावणे.

कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये पिंजऱ्यांवर माहितीच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, त्यांत यांपैकी एकही शब्द सापडत नाही. चिठ्ठीवर 'शाय' लिहिलेले असते आणि कुत्रे न्यायला आलेल्या मंडळींना तोंडी सांगितले जाते, 'जरा लाजाळू आहे.' ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नवी नवरी येते. चार दिवस खाली मान, मग घरभर वावर! असे समजून कुत्रे घरी नेले जाते आणि महिन्याच्या आत परत येते. परत आलेले बुजरे कुत्रे आधीपेक्षा जास्त बुजते, आणि त्याच्या चिठ्ठीवर 'एकदा परत आलेले' ही ओळ वाढते. ती वाचून पुढचे लोक दुसऱ्या पिंजऱ्याकडे वळतात. अशा कुत्र्याचे उरलेले दहा-बारा वर्षांचे आयुष्य सिमेंटच्या चौथऱ्यावर जाऊ शकते. म्हणून शब्दाचा हा घोळ मला किरकोळ वाटत नाही.

मी पशुवैद्य नाही. पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी हिशेबनिसाची. गेली अकरा वर्षे शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये रविवारी जाते आणि तिथे जे दिसते त्याचा अर्थ लावण्यासाठी वाचते, एवढाच माझा अधिकार. या लेखात सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बुजऱ्या कुत्र्याचाच विचार केला आहे. अगदी लहान पिल्लू कुणीही उचलून नेते. म्हाताऱ्या कुत्र्यावर दया करणारेही भेटतात. अडकून राहते ते हे मधले तरुण.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे शेल्टर ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असे सरसकट म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. १८३२ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्याची मोहीम चालवली तेव्हा पारशी समाज खवळला आणि शहरात दंगल झाली. कुत्र्याला पारशांच्या धर्मात मानाचे स्थान आहे, अंत्यविधीतही त्याला जागा आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाय आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. पांजरापोळाचा धर्म सांभाळण्याचा. आलेल्या जनावराला मरेपर्यंत दाणापाणी द्यायचे, त्याला दुसरे घर शोधायचे नाही. घर शोधण्याची कल्पना मात्र लंडनची. मेरी टिअल्बी नावाच्या बाईंनी १८६० मध्ये उत्तर लंडनमधल्या हॉलोवे इथे हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी जागा काढली, ती संस्था पुढे बॅटरसीला गेली आणि त्याच नावाने प्रसिद्ध झाली. कुत्रे मालकाला परत मिळवून द्यायचे किंवा नवे घर पाहायचे, हा तिचा क्रम होता. आजच्या आपल्या शेल्टरांत या दोन्ही परंपरा एकमेकींत मिसळल्या आहेत. सांभाळण्याची वृत्ती मुरलेली आहे, पण कोणते कुत्रे कोणत्या घरात जावे याचा विचार अजून कोवळा आहे.

बुजरेपणा येतो कुठून? या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत मिळाले. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम केले आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. त्याआधी १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी तिथे एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उंच कुंपण घातलेल्या एकरभर रानात कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातीच्या आठ वेतांची पिल्ले आईबरोबर वाढवली. माणूस नजरेलाही पडू द्यायचा नाही. मग काही पिल्ले दुसऱ्या आठवड्यात, काही तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात आत आणली, आठवडाभर माणसांत ठेवली आणि पुन्हा रानात सोडली. काहींना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस दाखवलाच नाही. या शेवटच्या पिल्लांची अवस्था रानटी जनावरासारखी झाली होती. माणूस दिसला की पळ काढायचा, हात लावला की धडपड करायची. उलट पाचव्या ते नवव्या आठवड्यांत ज्यांना अवघा एक आठवडा माणूस मिळाला, त्यांना तो पुढेही परका वाटला नाही.

म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. त्या काळात जे दिसते, ऐकू येते, हुंगायला मिळते ते जगाचा भाग म्हणून नोंदले जाते. त्यानंतर जे समोर येते त्याकडे आधी संशयाने पाहिले जाते. खिडकी एकदम बंद होत नाही, हळूहळू लोटली जाते. पुढे शिकता येतच नाही असे नाही, पण वेळ फार लागतो.

दुसरा वाटा रक्ताचा. १९५९ मध्ये सैबेरियात नोवोसिबिर्स्क इथे दिमित्री बेल्यायेव यांनी रुपेरी कोल्ह्यांची पैदास सुरू केली. प्रत्येक पिढीत माणसाला सर्वांत कमी भिणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच वीण पुढे न्यायची. थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवत माणसाकडे येणारे कोल्हे जन्मू लागले, आणि त्यांच्या पिल्लांत भीती उशिरा उगवू लागली. खिडकी किती काळ उघडी राहील हेही वारशाने ठरते, असा याचा अर्थ. एकाच वेतातली दोन पिल्ले एकाच पिंजऱ्यात वाढून एक पायात घोटाळते आणि दुसरे कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते, ते काही अंशी यामुळेच.

आता हे ज्ञान आपल्या रस्त्यावर आणून पाहू. कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करीत आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ९५ वेतांमधली ३६४ पिल्ले होती. त्यांतली फक्त १९ टक्के सात महिन्यांची झाली. बाकीच्यांपैकी बहुसंख्य पिल्लांच्या मरणात या ना त्या रूपाने माणसाचा हात होता. वाहनाखाली येणे, मारले जाणे, उचलून नेले जाणे. ज्या जगात पाचांतली चार पिल्ले वाढत नाहीत, तिथे अनोळखी पावलांचा आवाज येताच गटारीच्या नळीत शिरणारे पिल्लू शहाणेच म्हटले पाहिजे. त्याचा बुजरेपणा हा रोग नव्हे. त्याच्या जोरावर ते जगले आणि शेल्टरपर्यंत पोचले. रस्त्यावर जो गुण होता तो पिंजऱ्यात आल्यावर दोष ठरतो, इतकेच.

याच गटाने २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, ती बुजऱ्या कुत्र्याचे घर शोधणाऱ्याला उपयोगाची आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांशी अनोळखी माणसाने वारंवार संबंध ठेवला, एका गटाला दरवेळी खाऊ दिला आणि दुसऱ्याला नुसते कुरवाळले. विश्वास जास्त बसला तो कुरवाळणाऱ्यावर. आपल्याकडे समज असा की भाकरी टाकली की कुत्रे आपले. भाकरीने कुत्रे भाकरीपर्यंत येते. पण यात एक मेख आहे. कुरवाळायला आधी कुत्रे जवळ यावे लागते, आणि याच गटाच्या नंतरच्या एका पाहणीत जवळपास निम्मी कुत्री माणसाकडे आलीच नाहीत. आपले कुत्रे त्या न आलेल्यांपैकी.

शेल्टर हे कुत्र्याची पारख करायला सर्वांत वाईट ठिकाण. ओहायोमधील एका शेल्टरात मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉल मोजले. हे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक. आल्यावर पहिले तीन दिवस ते सर्वांत जास्त होते. टेम्पल ग्रँडिन यांच्या सहभागाने झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, दुसऱ्या दिवशी पाऊण तास कुणी कुत्र्याबरोबर घालवला तर तिसऱ्या दिवशीचा ताण कमी आढळला. आणि २०१९ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या पाच शेल्टरांतील २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी मुक्कामाला पाठवले. तेवढ्या मुक्कामातही कॉर्टिसॉल उतरले. परत आणल्यावर ते पूर्वीइतकेच झाले, त्याच्या वर गेले नाही. 'घर दाखवून परत आणले तर बिचाऱ्याला जास्त त्रास' ही भीती आपल्याकडे फार आहे, तिला यातून थोडे उत्तर मिळते. माझ्या मते बुजऱ्या कुत्र्यासाठी काही दिवसांचे पाहुणेघर हीच खरी परीक्षा. पिंजऱ्यात सतत थरथरणारे कुत्रे कुणाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ताणून झोपलेले मी पाहिले आहे. तो त्याचा खरा स्वभाव असतो.

उलट शेल्टरमध्ये जे चालते त्याला कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणावे लागेल. फ्लोरिडामध्ये अलेक्झांड्रा प्रोटोपोपोव्हा आणि क्लाइव्ह विन यांनी असे कार्यक्रम बसून पाहिले. २०१४ मध्ये त्यांनी लिहिले की लोक एका कुत्र्याबरोबर सरासरी आठ मिनिटे घालवतात आणि कुत्र्याच्या वागण्यातल्या दोनच गोष्टी निर्णयावर परिणाम करतात. माणसाने खेळायला बोलावले तर ते खेळते का, आणि ते माणसाजवळ आडवे होते का. बुजरे कुत्रे अनोळखी माणसापुढे या दोन्ही गोष्टी करू शकत नाही. त्याला नकार मिळतो आणि त्यात कुणाचा दुष्टपणाही नसतो. त्या आठ मिनिटांत ते कुत्रे अजून तिथे आलेलेच नसते.

आता घराकडे वळू. 'मोकळी जागा हवी' हा या बाबतीतला सर्वांत पक्का गैरसमज. शेतघर, दोन-चार एकर, झाडे, म्हणजे कुत्र्याचा स्वर्ग! धीट कुत्र्यासाठी असेलही. बुजऱ्या कुत्र्याला मोकळी जागा मिळाली की ते लपायला जागा शोधते, आणि लपलेल्या कुत्र्याला माणसाची सवय लागण्याचे कारणच उरत नाही.

आमच्या शेल्टरातल्या शेवंतीचे असेच झाले. महामार्गालगतच्या एका गॅरेजजवळून पाय मोडलेल्या अवस्थेत आली तेव्हा चार महिन्यांची असेल. पाय जुळला, ती दहा महिन्यांची झाली, पण माणूस पिंजऱ्यात शिरला की पाण्याच्या टाकीमागे. एका सधन कुटुंबाने तिला शेतघरावर नेले. हौस होती, पैसा होता, राखणदार होता. शेवंती पहिल्याच रात्री पंपाच्या खोलीमागे गेली आणि विसाव्या दिवशी परत येईपर्यंत तिथेच राहिली. रात्री येऊन ताटली साफ करायची, एवढाच काय तो घरोबा. त्या कुटुंबाला दोष देण्यासारखे काही नव्हते. ते वाट पाहायला तयार होते, पण वाट पाहून काही घडेल अशी ती जागाच नव्हती.

दुसऱ्या खेपेस ती गेली ती तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. काका निवृत्त नव्हते, शिंपीकाम करीत. सकाळी नऊ ते रात्री आठ एकाच खुर्चीवर, एकाच मशीनवर, मान खाली. काकू घरात. आणि दाराशी पडून असलेला तेरा वर्षांचा गबाळ्या नावाचा कुत्रा, ज्याला जगात कशाचेच आश्चर्य वाटेनासे झाले होते. मी दहाव्या दिवशी गेले तेव्हा शेवंती पलंगाखाली होती.

'येत नाही हो ताई माझ्याकडे,' काका म्हणाले.

'मग काय करता?'

'काय करायचंय? मी कुठे जातोय? बसलोय इथंच.'

बुजऱ्या कुत्र्याच्या घराचे याहून चांगले वर्णन मी कुठल्या संशोधनातही वाचलेले नाही. एकाच जागी बसणारा, एकच हालचाल करणारा, कुत्र्याकडे न पाहणारा माणूस! मशीनच्या आवाजाने ती पहिले दोन दिवस दचकत होती. पण तो आवाज रोज त्याच जागी, त्याच माणसाबरोबर सुरू होई आणि त्यातून वाईट काही निघत नसे. सतराव्या दिवशी ती पायट्याशेजारी चिंध्यांच्या ढिगावर येऊन झोपली. गबाळ्या आधीपासून तिथे झोपत असे, हे विसरून चालणार नाही.

तो दुसरा कुत्रा फार महत्त्वाचा. बुजरे कुत्रे माणसाचे ऐकत नाही, पण दुसऱ्या कुत्र्याकडे बघून शिकते. धीट कुत्रा उठून दार उघडणाऱ्या माणसाकडे शेपूट हलवत गेला, की बुजऱ्याला कळते, हा माणूस चालतो. घरात आधीचे शांत, वयाने पोक्त कुत्रे असेल तर मी त्या घराला झुकते माप देईन, मग ते घर भाड्याचे असो की चाळीतले. दुसरे कुत्रेही तितकेच बुजरे असेल तर मात्र दोघे मिळून दुप्पट घाबरतात.

शेल्टरच्या अर्जात सहसा विचारतात, तुम्हाला प्राण्यांची आवड आहे का, पूर्वी कुत्रे पाळले होते का, उत्पन्न किती. याने काही कळत नाही. मला विचारायचे असते ते असे: घराचे दार दिवसातून किती वेळा वाजते आणि ते कोण उघडते? गौरी-गणपतीला किती माणसे येतात, आणि तेव्हा बंद ठेवता येईल अशी एखादी खोली आहे का? कितव्या मजल्यावर राहता? हा शेवटचा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो. पण लिफ्ट म्हणजे हलणारी पत्र्याची पेटी, तिच्यात अनोळखी माणसे बाजूला चिकटून उभी राहतात. सातव्या मजल्यावरच्या कुत्र्याला शू करायला दिवसातून चार वेळा त्या पेटीतून जावे लागते. तळमजला किंवा पहिला मजला असेल तर निम्मे काम झाले. दाराला बाहेरून जाळीचे दुसरे दार असेल तर आणखी उत्तम, कारण बुजरे कुत्रे निसटते ते बहुधा पहिल्या पंधरवड्यात आणि उघड्या दारातून. अनोळखी गल्लीत निसटले की तिथली कुत्री त्याला हुसकावतात, ते लांब पळते, आणि हाक मारणाऱ्याचा आवाज अजून त्याच्या ओळखीचा नसतो. सुरुवातीला गळपट्टा आणि छातीपट्टा दोन्ही घालून दोन दोऱ्यांनीच बाहेर न्यावे, ते यासाठी.

लहान मुलांच्या घराबद्दल माझे मत अनेकांना आवडत नाही. आठ-दहा वर्षांखालील मुले असतील त्या घरात बुजरे कुत्रे देऊ नये. मुले वाईट नसतात. ती धावतात, किंचाळतात, मिठी मारतात, जमिनीवर लोळून कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेतात. आणि भ्यालेल्या कुत्र्याला पळायला जागा उरली नाही की ते चावते. मग घरही जाते आणि त्याच्या नावावर 'चावरे' असा शिक्का बसतो. समंजस बारा-तेरा वर्षांची मुलगी मात्र पुष्कळदा मोठ्या माणसांपेक्षा चांगली सोबतीण ठरते, कारण ती तासन्‌तास पुस्तक घेऊन जमिनीवर बसू शकते.

आणखी एका प्रकारच्या घराबद्दल सावध राहावे लागते. 'आम्हाला जीव लावणारा कुत्रा हवा' असे म्हणणारे घर. ही गरज खरी असते, अनेकदा दुःखातून आलेली असते. पण बुजरे कुत्रे पहिले काही महिने काहीच परत देत नाही. ज्याला आज माया हवी आहे, त्याला ते रोज नव्याने नाकारते. अशा माणसाला धीट, लोचट कुत्रे द्यावे. दोघेही सुखी होतात.

घर मिळाल्यावर काय? शेल्टरांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. तीन दिवस भीती उतरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने घर आपले वाटायला. हे मोजमाप नव्हे, धीर धरण्यासाठीची आठवण आहे. बुजऱ्याला याच्या दुप्पट-तिप्पटही लागतात.

पहिले दिवस एकच खोली. तिच्यात लपायला एक जागा आपणच द्यावी, म्हणजे ते आपल्याला न सापडणारी जागा शोधत नाही. खोलीत जावे, कुत्र्याकडे पाठ किंवा कूस करून खाली बसावे, वर्तमानपत्र वाचावे, उठून यावे. टक लावून पाहू नये. कुत्र्यांच्या भाषेत रोखलेली नजर म्हणजे धमकी. तुरिड रुगास या नॉर्वेच्या बाईंनी कुत्र्यांच्या बारीक खुणांवर फार उपयोगी लिहिले आहे. झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठांवरून फिरणारी जीभ, मान वळवणे, ही सारी 'जरा लांब राहा' अशी विनंती असते. ती ऐकली गेली तर गुरगुरण्याची वेळ येत नाही.

खाऊ देण्याची रीतही उलटी आहे. हातात बिस्कीट धरून 'ये, ये' करू नये. कुत्रे भुकेने पुढे येते, मान लांब करते, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत. बिस्कीट संपले की त्याच्या ध्यानात येते, आपण फार जवळ आलो, आणि त्या धक्क्याने ते चावूही शकते. त्याऐवजी खाऊ त्याच्या पलीकडे, मागे फेकावा. खाऊ मिळतो आणि अंतरही वाढते, दोन्ही सुखाच्या गोष्टी एकाच वेळी. मग ते आपणहून पुढे येऊ लागते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्या सर्वांच्या आवडीची. बुजऱ्या कुत्र्यामागे मात्र तूप घेऊनही धावू नये.

या रीतीमागचे तत्त्व माणसाच्या मुलावर आधी तपासले गेले आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या, ससा पाहून घाबरणाऱ्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. पीटर आवडीचे खात असताना ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवायचा, रोज थोडा जवळ आणायचा, मुलगा रडणार नाही इतकाच. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. इथे सगळे कसब 'रडणार नाही इतकाच' या शब्दांत आहे. आपल्याकडे उलट सल्ला मिळतो: 'चार वेळा बाजारातून फिरवून आणा, सवय होईल.' होत नाही. कुत्रे गोठते, आपण त्याला शांत झाले म्हणतो.

अमेरिकेत अतिशय भित्र्या कुत्र्यांसाठी एएसपीसीए या संस्थेने २०१३ मध्ये न्यू जर्सीत एक केंद्र सुरू केले, २०१८ पासून ते नॉर्थ कॅरोलिनातील वीव्हरव्हिल इथे आहे. साडेचारशेच्या आसपास कुत्र्यांच्या उपचारांचा त्यांचा अहवाल २०२२ मध्ये आला. शंभरातली पंच्याऐंशीच्या आसपास कुत्री घरात राहण्याजोगी झाली, आणि त्यासाठी साधारण तीन महिने लागले. यात धीट मदतनीस कुत्र्यांचा वापर आहे, अंतराने खाऊ देणे आहे, गरजेनुसार पशुवैद्याने दिलेली भीतीवरची औषधेही आहेत. औषधाचे नाव काढले की आपल्याकडे लोक 'कुत्र्याला वेड्याचे औषध?' असे म्हणतात. मोडलेल्या पायाला प्लास्टर घालताना असे कुणी म्हणत नाही.

हा विषय २०२५ मध्ये अधिक तातडीचा झाला. भटकी कुत्री शेल्टरात टाकण्याचा आदेश दिल्ली आणि परिसरापुरता सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ११ ऑगस्टला दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री त्यांच्याच भागात सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत. २०२३ च्या नियमांचेही सूत्र त्याच भागात परत सोडण्याचे आहे. त्याच आदेशात असेही आहे की इच्छुकांना महापालिकेकडे अर्ज करून भटके कुत्रे दत्तक घेता येईल, आणि घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची राहील. जबाबदारी बरोबर आहे. पण 'जरा लाजाळू आहे' एवढ्या माहितीवर कुणी ती उचलायची? चिठ्ठीवर किमान इतके तरी असावे: कशाला भिते, किती अंतरावरून भिते, कुणाबरोबर खाते, दुसऱ्या कुत्र्यांत कसे राहते, आणि घरात एक रात्र काढून पाहिली आहे का.

हा अंक हाती पडेल तेव्हा फटाके सुरू झाले असतील. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली, प्रत्यक्षात ते वसुबारसेपासून केव्हाही वाजतात. घरात बुजरे कुत्रे असेल तर त्याला संध्याकाळी लवकर फिरवून आणावे, सर्वांत आतली खोली द्यावी, खिडकीवर जाड चादर, पंखा आणि रेडिओ चालू, दार उघडे. ते कपाटाखाली गेले तर ओढून काढू नये, आपण शेजारी बसून राहिलो तर चालते. कुरवाळल्याने भीती 'वाढते' ही जुनी समजूत आहे. जवळ आले तर खुशाल हात फिरवावा.

आणि दिवाळीच्या सुट्टीत सवड आहे म्हणून आत्ताच कुत्रे आणायचे ठरवले असेल, तर पसंती सांगून ठेवावी, दोन-चार वेळा जाऊन पिंजऱ्याबाहेर पाठ करून बसून यावे, पण घरी आत्ता आणू नये. तुळशीचे लग्न होऊन, त्रिपुरी पौर्णिमा उलटली की आणावे.